सातचे तीन झाले आणि माझे १,११,५२८ रुपये गेले

साताऱ्यातल्या एका सहकारी बँकेच्या शाखेत मी एकोणीस वर्षे रोखपाल आहे. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ ही पाटी माझ्या खिडकीवर मीच चिकटवलेली आहे. असा मी, अंगावर बोटांनी ठोकून ताण घालवणाऱ्या ‘टॅपिंग’च्या नावाखाली १,११,५२८ रुपये घालवून बसलो आहे, आणि हे लिहिताना मान खाली जाते.

आई गेल्यानंतर मला झोप लागेनाशी झाली होती, त्यातच शाखेचे ऑडिट आले. रात्री तीन वाजता टक्क जागा असलेल्या माणसाच्या मोबाइलवर ‘दहा मिनिटांत ताण शून्यावर’ अशी जाहिरात आली, तर ९९ रुपये काही डोळ्यांवर येत नाहीत. पुढचा जिना सगळ्यांच्या ओळखीचा आहे: मूलभूत वर्गाचे ४,९९९, मग ‘प्रॅक्टिशनर’ प्रमाणपत्राचे ३८,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४५,४३०, आणि शेवटी ‘पिढीजात अडथळे’ मोकळे करणाऱ्या वैयक्तिक सत्रांचे ६१,०००.

तळहाताच्या कडेवर बोटांनी ठोकत ‘मला हा त्रास असला, तरी मी स्वतःला पूर्णपणे स्वीकारतो’ असे तीनदा म्हणायचे, नंतर भुवईपासून नाकाखाली, हनुवटीवर, गळ्याखालच्या हाडावर, काखेखाली आणि टाळूवर टिचक्या मारत जायचे, एवढेच ते तंत्र आहे. गॅरी क्रेग या अमेरिकी इंजिनिअरने ते नव्वदच्या दशकात मांडले आणि त्याची पुस्तिका त्याने लोकांना फुकट दिली. जे फुकट होते, ते मी लाखाला घेतले. पहिल्या संध्याकाळी हलके वाटले हे मी नाकारत नाही, पण पंधरा मिनिटे संथ श्वास घेत बसल्यावर आणि कोणीतरी आपले म्हणणे ऐकून घेतल्यावर कोणालाही हलके वाटेल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही विद्यार्थ्यांना नेमक्या बिंदूंवर, काहींना भलत्याच जागी आणि काहींना चक्क बाहुलीवर ठोकायला लावले होते, आणि भीती तिन्ही गटांत कमी झाली होती. हे मी पैसे भरल्यानंतर वाचले.

खरे तर मला दुसऱ्याच सत्रात कळायला हवे होते. प्रत्येक फेरीनंतर वर्ग घेणाऱ्या मॅडम विचारत, “दादा, शून्य ते दहामध्ये त्रास किती?” मी सात म्हणालो. पुन्हा टॅपिंग झाले, मी पुन्हा सातच म्हणालो. चौथ्या फेरीला माझे गळ्याखालचे हाड लाल झाले होते, ग्रुपवरचे बाकीचे चाळीस जण माझ्यासाठी खोळंबले होते, आणि मी संकोचाने “तीन” म्हणालो. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवसभर नोटा मोजणाऱ्या माणसाने स्वतःच्या मनाचा आकडा खोटा सांगितला, आणि त्याच आकड्याच्या भरात त्या रात्री ४५,४३० रुपये पाठवले. तुम्हाला कोणी असा अंक विचारला, तर खरा असेल तोच सांगा, मग समोरच्याचा चेहरा कसा होतो ते पाहा.

दुसरी चूक तर माझ्या धंद्यातलीच आहे. पावतीवर जीएसटी लावलेला होता, जीएसटी क्रमांक मात्र कोठेच नव्हता. ६१,००० पाठवताना क्यूआर स्कॅन केल्यावर संस्थेचे नाव न येता कोणा ट्रेडर्सचे नाव आले. ते मी वाचले, माझा अंगठा थांबला, आणि तरीही मी पिन टाकला. ग्राहकाने असे केले असते, तर मी त्याला खिडकीतूनच झापले असते. पण सहा आठवडे न झोपलेला माणूस रोखपाल राहत नाही, हेही लोकांनी समजून घ्यावे.

‘तीस दिवसांत पैसे परत’ या हमीवर बोट ठेवून मी परतावा मागितला, तेव्हा उत्तर आले की गुण न येणे हा ‘सायकॉलॉजिकल रिव्हर्सल’ आहे, तुमचे मनच बरे व्हायला नकार देत आहे, तेव्हा परताव्याच्या या हट्टावरही टॅपिंग करा. त्यानंतर मला ग्रुपमधून काढून टाकले. परताव्याची हमी लेखी आणि पत्त्यासह नसेल, तर ती हमी नव्हेच.

तक्रारीची कथा याहून कडू आहे. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर सांगण्यात आले की पैसे तुम्ही स्वखुशीने दिले आहेत. पोलीस ठाण्यात हवालदारांनी स्वतःच्या कपाळावर दोन बोटे आपटली, “हे शिकायला लाख रुपये?” असे विचारले, आणि बाकावर बसलेले सगळे हसले. ठाण्याने सायबरकडे पाठवले, सायबरने ठाण्याकडे, आणि या दोन दारांमध्ये माझ्या तीन रजा संपल्या. पोर्टलवरची तक्रार ‘दिवाणी स्वरूपाची बाब’ या एका ओळीत बंद झाली. ग्राहक आयोगाकडे जावे, तर विरुद्ध पक्षाचा पत्ता हवा, आणि माझ्याकडे फक्त एक व्हॉट्सअॅप क्रमांक होता. माझे खाते ज्या बँकेत आहे, तिने ‘व्यवहार आपण स्वतः मंजूर केलेला आहे’ असे कळवले. हे वाक्य मी स्वतः किती ग्राहकांना ऐकवले असेल, याची मोजदाद नाही. यांपैकी एकानेही त्या ट्रेडर्सच्या खात्याची साधी चौकशी करतो, असे म्हटले नाही.

झोप येत नसेल तर १४४१६ वर फोन करा. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. मला ती माहीत झाली तेव्हा खाते रिकामे झाले होते. कोणी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर तिथेच फोन ठेवा. मलाही सांगितल्या होत्या, पण बायकोने डबी स्वतःकडे ठेवली म्हणून निभावले.

एक गोष्ट सांगायची टाळत होतो. प्रमाणपत्रासाठी माझ्याकडून एक व्हिडिओ करून घेतला होता, त्यात मी ‘माझा त्रास साताचा तीनवर आला’ असे हसून सांगतो. तो अजूनही त्यांच्या जाहिरातीत फिरतो आहे. गेल्या मंगळवारी कराडच्या एका बाईंनी माझा क्रमांक शोधून फोन केला आणि विचारले, “सर, खरेच फरक पडतो का हो? उद्या पैसे भरायची शेवटची तारीख आहे.”