बिल्डर की स्वयंपुनर्विकास? नऊ मीटर रस्त्यावरच्या सोसायटीचा हिशेब

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, एरंडवणे या भागांतल्या जुन्या तीन-चार मजली सोसायट्यांमध्ये पुनर्विकास करायचा का, यावर आता फारसं भांडण होत नाही. भांडण होतं ते कोणाकडून करायचा यावर. कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं), स्ट्रक्चरल ऑडिट, ७९अ ची प्रक्रिया (सहकार कायद्याखाली पुनर्विकासासाठी ठरवलेली पद्धत) या गोष्टी इथवर आलेल्या वाचकाला ठाऊक असणार, म्हणून त्या सोडून देतो. आम्ही स्वयंपुनर्विकासाच्या, म्हणजे बिल्डरला न देता सोसायटीनेच इमारत बांधून घेण्याच्या, बाजूने गेलो आहोत. त्यामुळे काटा अगदी मधोमध राहील अशी अपेक्षा ठेवू नका.

दोन्ही पर्यायांचं गणित समोरच्या रस्त्यापासून सुरू होतं. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या यूडीसीपीआरमध्ये (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) दाट वस्तीबाहेरच्या निवासी प्लॉटला मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१० आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर त्यावर ना प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा), ना टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क). रस्ता ९ मीटर आणि १२ च्या आत असेल तर ०.५० प्रीमियम आणि ०.४० टीडीआर धरून २.०० होतो, १२ ते १८ ला २.२५, आणि असं चढत ३० मीटरला ३.००. या सगळ्यावर निवासी बांधकामाला ६० टक्के अ‍ॅन्सिलरी (पूरक) एफएसआय, तोही प्रीमियम भरून. बाल्कनी, जिना, लिफ्ट, भिंती सगळं पी-लाइनच्या, म्हणजे इमारतीच्या बाहेरच्या कडेच्या, आत मोजलं जातं, म्हणून कार्पेट (घरात प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्र) साधारण ७२ टक्के हाती लागतं असं धरून चालू.

उदाहरणाला एक प्लॉट घ्या: १,००० चौरस मीटर, २५ मीटर रुंद, ४० मीटर खोल. वीस सभासद, प्रत्येकाचं कार्पेट ५५ चौरस मीटर, म्हणजे एकूण १,१००. रस्ता ९ मीटरचा असेल तर २,००० अधिक ६० टक्के, म्हणजे ३,२०० चौरस मीटर बांधकाम आणि सुमारे २,३०० कार्पेट. सभासदांना २५ टक्के वाढीव दिलं तर १,३७५ जातात, आणि उरलेल्यात ७७ चौरस मीटरचे बारा फ्लॅट विकायला निघतात. तोच प्लॉट ६ मीटरच्या गल्लीत असेल तर १,१०० अधिक ६० टक्के, म्हणजे १,७६० बांधकाम, सुमारे १,२६५ कार्पेट. सभासदांना जेमतेम १५ टक्के वाढ आणि विक्रीला शून्य. जुन्या इमारतींना मिळणारा प्रोत्साहनपर एफएसआय यात धरलेला नाही. तो आपल्या कागदपत्रांवरून आर्किटेक्टने वेगळा काढून द्यायचा असतो.

सहा मीटरचे रस्ते नऊ करण्याचा वाद इतका पेटला तो याच फरकामुळे. २०२० मध्ये महापालिकेत असे ३२३ रस्ते महापालिका कायद्याच्या कलम २१० खाली रुंद करायचा प्रस्ताव आला, तेव्हा अडकलेल्या सोसायट्यांना दार उघडल्यासारखं वाटलं. दुसरी बाजू म्हणत होती की कागदावर रस्ता रुंद झाला तरी ड्रेनेज आणि पाण्याची लाइन तीच राहणार, आणि बारा मजले तिच्यावर बसणार. दोघांचंही म्हणणं खोटं नाही. पण निर्णय घेणाऱ्याने वादात अडकू नये, रस्ता-रेषा, म्हणजे महापालिकेने आखलेली रुंद रस्त्याची हद्द, पाहावी. ती आखून जाहीर झालेली नसेल तर नऊ मीटर धरून आलेली कुठलीही ऑफर बाजूला ठेवा, मग ती बिल्डरची असो की आपल्याच सभासदाने एक्सेलमध्ये मांडलेली. शिवाय रुंदीसाठी आपल्या बाजूची दीड मीटर पट्टी गेली तर २५ मीटरच्या दर्शनी बाजूला साडेसदतीस चौरस मीटर जातात. बदल्यात एफएसआय मिळतो, जमीन परत येत नाही.

मोजणीही आधी उरकून घ्या. प्रॉपर्टी कार्डावर १,००० आणि जागेवर कंपाउंडच्या आत ९७० असा फरक जुन्या प्लॉटमध्ये नवलाचा नाही. एफएसआय कमी असलेल्या आकड्यावर मिळतो. बिल्डरची ऑफर बहुधा मोठ्या आकड्यावर आलेली असते, आणि मोजणी झाल्यावर ‘वाढीव २५ टक्के’ हळूच २१ होतं.

आता दोन पर्याय.

बिल्डरकडे दिलं तर सभासदाच्या खिशातून काही जात नाही, हा त्याचा खरा आणि मोठा गुण. भाडं, सामान हलवण्याचा खर्च, कॉर्पस (सभासदांना द्यायची रोख रक्कम), प्रीमियम, टीडीआर, सगळं तो बघतो. वीस घरांना महिना २५ हजार भाडं धरलं तर दरमहा पाच लाख होतात. काम सहा महिने रेंगाळलं की तीस लाख. हा बोजा दुसऱ्याच्या डोक्यावर असणं ही लहान गोष्ट नाही, विशेषतः ज्या सोसायटीत निम्मे सभासद निवृत्त आहेत तिथे. अडचण येते ती विक्री मंदावली की. बिल्डर आधी साइटवरची माणसं कमी करतो, मग भाड्याचे चेक लांबवतो. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी सांगितली आहे ती यासाठीच. वाटाघाटीत बिल्डर सर्वांत आधी तिलाच हात घालतो, ‘त्याऐवजी दोन फ्लॅट राखून ठेवू’ म्हणतो. राखलेला फ्लॅट म्हणजे रोख नव्हे. अर्धवट इमारतीतल्या फ्लॅटवर भाडं भागत नाही.

स्वयंपुनर्विकासात हे सगळं आपल्या अंगावर येतं. विक्रीचे फ्लॅट असल्यामुळे सोसायटीच प्रवर्तक ठरते: महारेरा नोंदणी, खरेदीदारांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात, दर तिमाहीला माहिती भरणं, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी. कंत्राटदाराच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. फ्लॅट विकताना ५ टक्क्यांच्या योजनेत असाल तर त्याची वजावट मिळत नाही, म्हणून तो सरळ खर्चात धरायचा. कंत्राटदाराच्या निविदेत दर ‘जीएसटीसह’ की ‘वगळून’ हे न पाहता तुलना करणाऱ्या कमिट्या आहेत.

कर्ज हा यातला सर्वांत कच्चा दुवा. मुंबईत मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने या कामासाठी कर्ज योजना चालवली, त्यामुळे तिथली उदाहरणं पुण्यात जशीच्या तशी लागू करू नयेत. इथे आधी बँकेचं लेखी तत्त्वतः पत्र घ्या, मगच सर्वसाधारण सभा बोलवा. १३ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयात स्वयंपुनर्विकासाला सवलती दिल्या आहेत खऱ्या, पण मंजूर नकाशात आणि महापालिकेच्या पैसे भरायच्या चलनात दिसेपर्यंत त्या हिशेबात धरू नयेत. आणि सोसायटीत एक तरी माणूस असा लागतो जो जोत्याच्या तपासणीपासून भोगवटा पत्रापर्यंत फायली घेऊन फिरेल आणि आठवड्यातून दोनदा साइटवर उभा राहील. सल्लागार नेमला तरी हा माणूस लागतोच.

इथवर पाहिलं तर बिल्डरचंच पारडं जड दिसतं, आणि बऱ्याच सोसायट्यांसाठी ते असेलही. माझं मत फिरलं ते पार्किंगपाशी.

बिल्डरला नफा विक्रीच्या बारा फ्लॅटमधूनच काढायचा असतो, म्हणून तो मिळेल तेवढा सगळा टीडीआर लादतो. त्यात त्याची काही लबाडी नाही, धंदाच तसा आहे. पण मजले वाढले की उंची वाढते, आणि साइड मार्जिन (बाजूला सोडायची मोकळी जागा) उंचीच्या एक-पंचमांश हिशेबाने वाढतं. प्लॉटची रुंदी २५ मीटरच राहते, त्यामुळे इमारत बारीक होत जाते. स्टिल्टखालची, म्हणजे तळमजल्यावरच्या खांबांमधली, जागा आकसते आणि गाड्या मात्र वाढतात. तळघर करायचं म्हटलं तर रॅम्पचा उतार १:१० हवा. तीन मीटर खाली जायला तीस मीटर लांबी लागते. चाळीस मीटर खोल प्लॉटची एक अख्खी बाजू त्यात जाते, आणि खाली वळायला जागा उरत नाही. मग उरतं स्टॅक पार्किंग, म्हणजे यंत्राने गाडीवर गाडी ठेवणं.

ब्रोशरमध्ये ‘मेकॅनाइज्ड पार्किंग’ भारदस्त दिसतं. रोजच्या वापरात दोन पातळ्यांच्या स्टॅकमध्ये खालची गाडी बाहेर निघाल्याशिवाय वरची उतरत नाही. सकाळी सात वाजता तुम्हाला निघायचंय आणि खालच्या गाडीवाल्याने किल्ली वॉचमनकडे दिलेली नाही, की संपलं. दोन्ही जागा एकाच फ्लॅटला असतील तर निभावतं, पण वाटप तसं क्वचितच होतं. वरच्या फळीवरून पावसाचं पाणी आणि ऑइल खालच्या बॉनेटवर ठिबकतं. उंच एसयूव्ही बऱ्याच मॉडेलमध्ये बसतच नाही. खड्ड्यातला स्टॅक असेल तर पावसाळ्यात खड्डा भरतो आणि सम्प पंप बंद पडला की खालची गाडी पाण्यात. जनरेटरवर लिफ्ट आणि पाण्याचा पंप असतो, स्टॅक बहुधा नसतो, म्हणून वीज गेली की गाडी वरच लटकते. वॉरंटी संपल्यावर हायड्रॉलिक सिलिंडर, चेन, लिमिट स्विच यांचं मेंटेनन्स सोसायटीच्या गळ्यात. सत्तरीतल्या सभासदाने हे बटण रोज दाबायचं, हे मला काही पटलं नाही.

त्याच प्लॉटवर टीडीआर घेतलाच नाही तर काय होतं ते पाहा. १.६० एफएसआय, अ‍ॅन्सिलरी धरून २,५६० चौरस मीटर, सुमारे १,८४० कार्पेट. सभासदांचे १,३७५ गेल्यावर विकायला सहा फ्लॅट. एकूण बत्तीसऐवजी सव्वीस घरं. एका गाडीची जागा २.५ बाय ५ मीटर, पण वाट धरून २५ चौरस मीटर लागतात. साडेचारशे मीटर मोकळ्या स्टिल्टमध्ये अठरा आणि मार्जिनमध्ये सात-आठ गाड्या बसतात. घराला एक गाडी, जमिनीवर, कोणाची किल्ली न मागता.

याची किंमत आहे आणि ती लपवू नये. विक्रीचा दर कार्पेटला चौरस फुटामागे १४ हजार आणि बांधकाम ३ हजार धरलं, तर सहा फ्लॅटचे जवळपास सात कोटी जातात. बांधकामाचे दोन कोटी वाचतात. टीडीआर, अ‍ॅन्सिलरीचं प्रीमियम आणि विक्रीचा खर्च मिळून आणखी दोनेक कोटी. फरक तीन कोटींचा, सभासदामागे पंधरा लाखांच्या घरात. वाढीव क्षेत्र २५ ऐवजी १५ टक्के घेतलं तर विक्रीला दीडेक फ्लॅट जास्त निघतो आणि हाच आकडा सहा-सात लाखांवर येतो. त्यातही स्वयंपुनर्विकासात बिल्डरचा जो नफा वाचतो तो आधी इथे जिरतो, उरलं तर खिशातून. बाकीच्या सोसायट्या हा नफा जादा चौरस फुटांत घेतात. तो कमी मजल्यांत घेता येतो, एवढंच माझं म्हणणं. बिल्डरकडे हा पर्याय मागूनही मिळत नाही, कारण त्याच्या गणितात तो बसत नाही.

कन्व्हेयन्स झालेलं नाही, कमिटीत दोन गट आहेत, किंवा फिरणारा तो एक माणूस नाही, तर बिल्डरच बरा. सोसायटी नसून अपार्टमेंट असेल तर प्रत्येकाचा जमिनीत अविभाजित हिस्सा असतो आणि एक सही अडली तरी बँक हलत नाही. तिथे स्वयंपुनर्विकासाच्या फंदात न पडलेलंच बरं. १८ मीटर किंवा त्याहून रुंद रस्ता आणि मोठा प्लॉट असेल तर तळघरही नीट बसतं, मग माझा आक्षेप बराचसा गळून पडतो.

बिल्डरकडे जाणाऱ्यांनी विकास करारनाम्याला पार्किंगचा मोजमापासह नकाशा जोडून घ्यावा. प्रत्येक जागेला क्रमांक, ती जमिनीवर आहे की स्टॅकमध्ये, स्टॅक असेल तर दोन्ही पातळ्या एकाच फ्लॅटला, पाच वर्षांचं मेंटेनन्स बिल्डरकडे, स्टॅकची मोटर जनरेटरवर. सुधारित नकाशा करून मजले वाढवायचे असतील तर सर्वसाधारण सभेची लेखी संमती, आणि करारानंतर नियम बदलून मिळणारा एफएसआय सोसायटीचा, हेही त्यात हवं. या शेवटच्या कलमावर बिल्डरचा वकील अडून बसतो. तिथे घाई करू नका. रस्ता पुढेमागे नऊचा बारा झाला तर तोच कागद उघडावा लागणार आहे.