अबीवर्ड की लिबरऑफिस रायटर: आठ महिने आणि एक 'ल'

सोसायटीच्या ऑफिसातला लॅपटॉप म्हातारा आहे: दोन जीबी रॅम, फिरणारी हार्ड डिस्क, वर लिनक्स. काम काय, तर नोटिसा, सभेचं इतिवृत्त आणि थकबाकीची पत्रं. सॉफ्टवेअर फुकटच हवं, हे पुण्यात वेगळं सांगायला नको. उमेदवार दोन, दोन्ही मजकूर लिहिण्याची फुकट सॉफ्टवेअर: हलकं अबीवर्ड आणि लिबरऑफिसमधलं भारी रायटर.

पहिले तीन महिने अबीवर्ड. क्लिक केलं की उघडतं, पंखा ओरडत नाही. एका पानाच्या नोटिशीला याहून जास्त काही लागत नाही, आणि तेव्हा मत हेच होतं की रायटर म्हणजे भाजी आणायला टेम्पो. (विंडोजवाल्यांनी मात्र या नादाला लागू नये; ३.० आवृत्ती विंडोजसाठी आलीच नाही.) मत बदललं ते हिशेबाच्या डॉक्सएक्स (म्हणजे मायक्रोसॉफ्ट वर्डच्या) फायलींमुळे. साधा मजकूर येतो, पण जोडलेले खाने आणि मजकुराच्या चौकटी विस्कटतात. तीच फाइल पुन्हा सेव्ह करून परत पाठवणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

मग रायटर. पहिल्यांदा उघडताना चहा होतो. ऑप्शन्समधल्या अॅडव्हान्स्डमध्ये जावा बंद करा, ऑटोकरेक्टमधलं वर्ड कम्प्लिशन काढा, आणि स्टार्ट सेंटर (लिबरऑफिसचं सुरुवातीचं पान) टाळून थेट रायटरचाच शॉर्टकट ठेवा. थोडा फरक पडतो. खरा फरक तपकीर गल्लीतून आणलेल्या जुन्या रॅमच्या पट्टीने पडला, पण तो सॉफ्टवेअरच्या खात्यात कसा धरणार?

आता मुख्य तक्रार, 'ल'. नोटिशीत 'लवकर', 'थकबाकीदाराला' सगळीकडे हिंदी वळणाचा, दंडाचा ल. मराठी वळणाचा, पाकळीचा ल गायब. मराठी लिपीबद्दलच्या २००९च्या शासन निर्णयातही पाकळीचाच आहे. फॉन्ट बदलत बसू नका, दोष बहुतेक वेळा सेटिंगचा असतो. युनिकोडमध्ये ल एकच; कोणतं रूप दाखवायचं ते फॉन्ट मजकुराची भाषा बघून ठरवतो. नोटो सॅन्स देवनागरीत दोन्ही रूपं आहेत, पण भाषा 'हिंदी' असेल तर दंडाचाच मिळणार. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसमोर (थोडक्यात सीटीएल, देवनागरीसारख्या लिप्यांसाठीचा भाग) मराठी निवडा. जुन्या फायलीत सगळा मजकूर निवडून फॉरमॅट, कॅरेक्टरमध्ये सीटीएल फॉन्टखालची भाषा मराठी करा. ल आणि श दोन्ही डोळ्यांदेखत बदलतात. ५.३ आवृत्तीपासून (२०१७) विंडोजवरही अक्षरांची रूपं जुळवायला हार्फबझच असल्याने तिथेही हाच उपाय.

दुसरी खोड याच घरातली. स्टाइलमध्ये साइज १४ केली, तरी इंग्रजी शब्द वाढतात आणि मराठी आहे तेवढंच राहतं. कारण दोघांच्या साइज वेगळ्या नोंदलेल्या असतात. एफ११ दाबा, डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल एडिट करा, फॉन्टमध्ये सीटीएलची साइज वेगळी भरा. एवढं करून फाइल टेम्प्लेट म्हणून ठेवा, नाहीतर दर नोटिशीला तेच.

सभासदांच्या पत्रांसाठी मेल मर्ज (यादीतली नावं एकाच पत्रात आपोआप भरणं) हवं असेल तर डेबियन-उबंटू लिनक्सवर लिबरऑफिस बेस या डेटाबेसच्या भागाचं पॅकेज आहे का ते आधी बघा. ते नसेल तर स्प्रेडशीटमधली यादी जोडलीच जात नाही, आणि कारण काही केल्या कळत नाही. श्रीलिपीतल्या (युनिकोड नसलेल्या) जुन्या फायली तो फॉन्ट नसेल तर दोन्हीकडे सारख्याच अगम्य.

सध्या दोन्ही ठेवलीत. कच्चा मजकूर अबीवर्डमध्ये, टेबल किंवा मेल मर्ज आलं की रायटर. गटावर पाठवताना पीडीएफच पाठवा, त्यात फॉन्ट सोबत जातो. डॉक्सएक्स पाठवली आणि समोरच्याकडे मंगल फॉन्टवर उघडली, की दोन पानांची नोटीस तिसऱ्या पानावर फक्त 'आपला विश्वासू' घेऊन उतरते, आणि ल पुन्हा दंडाचा.