प्राईन, व्हॅन झँट की वेल्च: आधी कोणता अल्बम घ्यावा?

अमेरिकन कंट्री (तिकडच्या ग्रामीण ढंगाचं संगीत) आणि फोक (लोकगीतांच्या वळणाचं) यांतल्या, स्वतःची गाणी स्वतःच लिहून गाणाऱ्यांकडे वळायचं असेल, तर सुरुवातीला तीन अल्बम पुरेसे आहेत. जॉन प्राईनचा त्याच्याच नावाचा पहिला अल्बम (१९७१), टाउन्स व्हॅन झँटचा ‘लाइव्ह अ‍ॅट द ओल्ड क्वार्टर’ (१९७७) आणि गिलियन वेल्चचा ‘टाइम (द रेव्हलेटर)’ (२००१). आपल्या भावगीतांत कवी, संगीतकार आणि गायक बहुतेक वेळा तीन वेगळी माणसं असतात. इथे हे तिन्ही एकच, म्हणून गळा फार तयार नसेल तर हिरमुसू नका. ज्याला सुचलं तोच म्हणतोय, ही या गाण्यांची खरी ताकद.

तुम्ही आधी शब्द ऐकणारे असाल तर डोळे मिटून प्राईन घ्या. शिकागोजवळच्या मेवुडचा हा पोस्टमन टपाल वाटता वाटता गाणी रचायचा. उच्चार स्वच्छ, वाक्यं बोलण्यातली. इंग्रजी गाणी पटकन समजत नाहीत अशी तक्रार असणाऱ्यालाही त्याचा शब्द न् शब्द कळतो. ‘हॅलो इन देअर’ घ्या. एक म्हातारा आपलं घर सांगतोय: मुलं दूर पांगली, एक कोरियाच्या युद्धात गेला, बायकोशी बोलायला आता नवीन काही उरलं नाही. मग तो जुन्या कारखान्यातल्या मित्राला फोन करायचं मनात आणतो, पण विचारलंच ‘काय नवीन?’ तर सांगायला आहे काय? हे लिहिणारा पोरगा तेव्हा पंचविशीचाही नव्हता. कुठेही गळा काढलेला नाही, कुठे उपदेश नाही. ‘सॅम स्टोन’मध्ये व्हिएतनामहून पदक आणि व्यसन दोन्ही घेऊन परतलेला सैनिक आहे, आणि त्याच्या घरात काय चाललंय ते आपल्याला कळतं मुलांच्या नजरेतून. ‘पॅराडाइझ’ हे केंटकीतल्या मूलेनबर्ग काउंटीमधलं, आईवडिलांकडचं गाव. कोळशासाठी खणून खणून ते नाहीसं झालं, असं गाणं सांगतं. खाणीसाठी किंवा धरणासाठी ज्यांचं गाव गेलंय त्यांना हे गाणं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

उणीव एकच. मेम्फिसच्या अमेरिकन स्टुडिओतले कसलेले वादक साथीला आहेत, १९६९ साली एल्विस प्रेस्लीबरोबर वाजवलेले तेच, आणि त्यांच्यात हा नवखा गायक जरा अवघडलेला वाटतो. काही गाण्यांत ऑर्गन नको इतका पुढे येतो. तरी तेरापैकी सहासात गाणी जन्मभर पुरतात.

व्हॅन झँटचं प्रकरण नेमकं उलटं. त्याच्या सुरुवातीच्या स्टुडिओ अल्बमांवर इतकी सजावट चढवली गेली की त्यालाच ती रुचली नाही. काही गाणी त्याने पुढच्या अल्बमांत पुन्हा रेकॉर्ड केली. ‘ओल्ड क्वार्टर’ हे ह्यूस्टनमधल्या एका छोट्या बारमध्ये जुलै १९७३ मध्ये झालेलं रेकॉर्डिंग. एक माणूस, एक गिटार, मध्येच ग्लास-बाटल्यांची किणकिण. बाकी काही नाही, आणि काही लागतही नाही. यातलं ‘पांचो अँड लेफ्टी’ हे दोन दोस्तांचं गाणं पुढे विली नेल्सन आणि मर्ल हॅगर्ड या कंट्री गायकांनी १९८३ मध्ये कंट्री चार्टच्या, म्हणजे लोकप्रियतेच्या यादीच्या, पहिल्या क्रमांकावर नेलं. ते ऐकलं असेल तरी इथलं व्हॅन झँटचं स्वतःचं ऐकाच. इथे दोस्ताचा घात झाला का, कुणी केला, हे गायक उघड सांगत नाही, आणि गिटारही त्याच्या बाजूने काही बोलत नाही. लोक त्याला नुसता दुःखाचा गायक समजतात, ते अर्धवट आहे. गाण्यांच्या मध्ये तो विनोद सांगतो, बोलत बोलत म्हणायची गमतीची गाणीही आहेत. पण अल्बम दीड तासाच्या आसपासचा, एका बैठकीत झेपेलच असं नाही. रोजच्या लोकलमध्येही तो हाती लागणार नाही. रात्री, एकट्याने, चांगल्या हेडफोनवर.

वेल्च ही न्यूयॉर्कमध्ये जन्मून लॉस एंजेलिसमध्ये वाढलेली, म्हणून ती गाते ते डोंगराळ मुलखाचं संगीत हिचं कसं, असा आक्षेप घेतला गेला. मला तो पटत नाही; लोकगीताचा ढंग अभ्यासाने अंगात मुरवता येतो, आणि इथे तो मुरलाय. जोडीदार डेव्हिड रॉलिंग्ससह तिने नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ बीमध्ये हा अल्बम केला आणि स्वतःच्याच अ‍ॅकोनी या कंपनीतर्फे काढला. ड्रम नाहीत. दोन आवाज, दोन गिटारी, कधी बँजो. रॉलिंग्सची १९३५ची छोटी एपिफोन गिटार मुद्दाम टोचणाऱ्या सुरांवर थांबते आणि अंगावर काटा येतो. आपल्याकडे १४ एप्रिल म्हणजे आंबेडकर जयंती, मिरवणुकीचा दिवस. इथल्या दोन गाण्यांत मात्र ती तारीख म्हणजे लिंकनवर झाडलेली गोळी, टायटॅनिकला धडकलेला हिमनग आणि अमेरिकेतलं १९३५चं धुळीचं वादळ. ‘एव्हरीथिंग इज फ्री’ हे इंटरनेटवर संगीत फुकट वाटलं जायला लागलं तेव्हाचं गाणं. स्ट्रीमिंगच्या काळात ते आणखी खरं वाटतं, म्हणून हा अल्बम तरी पैसे देऊन घ्या. शेवटचं गाणं चौदा मिनिटांच्या वर आहे. घाईत असाल तर कंटाळाल.

ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार हवीच असेल, तर या तिघांना बाजूला ठेवून लुसिंडा विल्यम्सचा १९९८चा ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’ घ्या.

माझा क्रम प्राईन, वेल्च, मग व्हॅन झँट. मात्र घरात कुणी गिटार शिकत असेल तर ‘ओल्ड क्वार्टर’ पहिला घ्या. त्यातली बोटं स्पष्ट ऐकू येतात, आणि ‘इफ आय नीडेड यू’ नवशिक्यालाही चारसहा दिवसांत बसवता येतं.