करंजीचा साचा खिम्याच्या करंज्यांना चालतो का? वर्षभर वापरून सांगते

मागच्या दिवाळीच्या आधी तुळशीबागेतून करंजीच्या साच्यांचा सेट आणला होता, लहान, मधला, मोठा असे तीन, प्लास्टिकचे, दीडशे रुपयांना. गोड करंज्यांना वापरला, काम झालं. पण माझ्या डोक्यात खरं तर खिम्याच्या करंज्या होत्या, कारण आमच्याकडे गटारीला दहा-बारा माणसं जेवायला असतात आणि एवढ्या जणांसाठी एकेक करंजी हाताने मुरडत बसले तर मटणाचा रस्सा कोण बघणार. तर आतापर्यंत चार वेळा खिम्यासाठी वापरलाय, त्यावरून लिहितेय.

आधी साइजचं सांगते. लहान साचा खिम्याला अजिबात घेऊ नका, त्यात जेमतेम चमचाभर सारण जातं आणि खाताना नुसता मैदाच लागतो. मोठ्यातली करंजी दिसते भारी, पण ती कढईत नीट उलटत नाही आणि मधे फुगून कडेला कच्ची राहते. मधला बेस्ट. अर्धा किलो खिम्यात मधल्या साच्याच्या पंचवीस-सव्वीस करंज्या होतात आणि सगळ्या सेम, त्यामुळे तळायलाही सारखाच वेळ लागतो, हा साच्याचा सगळ्यात मोठा फायदा.

आता पहिल्या वेळी काय झालं ते. खिमा मी नेहमीसारखा टोमॅटो घालून केला, अंगाबरोबर रस होता, म्हटलं थोडाच तर आहे, आणि साचा भरगच्च भरून दाबला. तिसरी करंजी तेलात पोटातून फुटली, खिमा बाहेर येऊन तेलभर पसरला, कण जळायला लागले आणि पुढच्या सगळ्या करंज्यांना काळे ठिपके. तेल गाळून परत चढवावं लागलं, पाहुणे दारात.

तेव्हापासून खिमा असा करते: मटणवाल्याकडून मांडीचा घेते, चरबी कमी आणि मशीनमधून एकदाच फिरवलेला, कारण चरबी तळताना आत वितळते आणि पारी आतून भिजते. कांदा, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, हळद, तिखट, गरम मसाला, टोमॅटो नाही. कुकरला दोन शिट्ट्या, मग झाकण काढून मोठ्या आचेवर परतायचं, इतकं की उलथनं कढईच्या तळावरून ओढलं की मागे ओल दिसायला नको. तरी ओलसर वाटला तर दोन चमचे भाजलेलं बेसन. पुदिना-कोथिंबीर गॅस बंद केल्यावर, लिंबू पण तेव्हाच. आणि ताटात पसरून पूर्ण गार. कोमट सुद्धा नको, वाफेने पारी आतून ओली होते आणि मग ती कितीही तळा, मऊच.

पारीला दोन वाट्या मैदा, दोन चमचे बारीक रवा, तीन चमचे कडकडीत मोहन. मोहन चोळल्यावर पिठाची मूठ वळली पाहिजे. घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवायचं म्हणजे रवा फुलतो. वेळ असेल तर साटा नक्की लावा, तांदळाची पिठी तुपात फेटून पोळ्यांना लावायची, तीन पोळ्या एकावर एक, घट्ट गुंडाळी करून लाट्या कापायच्या. मला भीती होती की साच्यात दाबल्यावर पदर चिकटून जातील, पण तसं होत नाही, दाब फक्त कडेवर येतो, पोटावर पदर छान सुटतात.

साच्याची खरी अडचण कडेचीच आहे. दाबल्यावर बाहेर आलेलं पीठ काढलं तरी नागमोडी कड हाताच्या मुरडीपेक्षा जाड राहते आणि तीच शेवटी कच्ची लागते. म्हणून पारी नेहमीपेक्षा पातळ लाटा, कडेला दुधाचं बोट फिरवा, सारण मधे बेताचंच, आणि मिटायच्या आधी पोटावर हलकं दाबून हवा काढा. साच्याला आधी पीठ भुरभुरवलं की करंजी अलगद सुटते, तेल लावलं तर कड नीट चिकटत नाही.

तळताना घाई नको. पिठाचा छोटा गोळा टाकला की तो सावकाश वर यायला हवा, लगेच उसळला तर तेल जास्त तापलंय. एका घाण्याला सहा-सात मिनिटं लागतात, झाऱ्याने वरून तेल उडवत राहायचं. मोठ्या आचेवर रंग दोन मिनिटांत येतो, पण टेबलावर जाईपर्यंत करंजी मऊ पडते. काढल्यावर कागदावर ढीग करू नका, जाळीवर उभ्या ठेवा, खालून वाफ निघून जाते.

एअर फ्रायरमध्ये पण करून बघितल्या, तेलाचा ब्रश मारून 180 वर पंधरा मिनिटं. वाईट नाहीत, पण पदर सुटत नाहीत, खारी खाल्ल्यासारखं वाटतं. पथ्य असेल तरच करा.

प्लास्टिकच्या मधल्या साच्याची बिजागरी तिसऱ्या वेळी, भर कामात तुटली, आणि स्टॉलवाल्याने बदलून द्यायला साफ नकार दिला. मग बोहरी आळीतून अ‍ॅल्युमिनियमचा एकच मधला साचा आणला, जरा महाग पडला पण कड जास्त बारीक दाबली जाते, आणि चौथ्या वेळेच्या करंज्या त्यातल्याच. त्यांची कड पहिल्यांदा पोटाइतकीच कुरकुरीत झाली. सेट घेऊ नका, हा एकच घ्या. धुतल्यावर लगेच पुसून ठेवा, ओला राहिला तर काळा पडतो.

आणि आदल्या दिवशी करायच्या असतील तर न तळता ताटात सुट्या मांडून फ्रीजरमध्ये घट्ट करा, मग डब्यात भरा. तळताना बाहेर काढून ठेवायच्या नाहीत, सुटलेल्या पाण्याने पारी चिकट होते. तशाच तेलात सोडा, थोड्या थोड्या, अगदी मंद आचेवर.