लूप्स की रीळ? नोट तरंगवायला शिकताना

जादूत नोट तरंगते ती जवळजवळ न दिसणाऱ्या बारीक दोऱ्यावर. तो चिकटवायला वॅक्स, म्हणजे मेण, कशाला लागतं, पाठीमागून उजेड आला की दोरा कसा चमकतो, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. नवशिक्या खरा अडतो तो खरेदीपाशी. लवचीक दोऱ्याच्या लूप्स, म्हणजे मनगटात घालायच्या कड्या घ्यायच्या, की आयटीआर (इन्व्हिजिबल थ्रेड रील) म्हणतात ते स्प्रिंगचं रीळ? मी आधी रीळ घेतलं, वर्षभराने लूप्स. आज रीळ कपाटात आहे, त्यावरून कल थोडाफार कळलाच असेल. तरी रिळाची बाजू आधी मांडतो, कारण ती लेचीपेची नाही.

रिळाचं खरं सुख अंतरात आहे. डबी खिशात, दोऱ्याचं टोक हातात. हात पुढे नेला की दोरा सुटतो, मागे आणला की गुंडाळला जातो. दहाची नोट छातीपासून चांगली हातभर लांब जाते आणि दुसरा हात तिच्या वरून, खालून फिरवायला मोकळा राहतो. लूप्समध्ये ही ऐसपैस जागा नाही. सगळा खेळ दोन हातांच्या मधे, फार तर खांद्याएवढ्या रुंदीत. लांबून बघणाऱ्या प्रेक्षकांसमोर रीळच शोभतं, हे मी आजही मान्य करतो. बॅटरीवरची रिळंही मिळतात, पण ती मी फक्त दुसऱ्याच्या हातात पाहिली आहेत, म्हणून त्यांना या तुलनेत ओढत नाही.

लूप्स जादूगारांच्या खिशात पोचवण्यात यिगाल मेसिका या जादूगाराचा वाटा मोठा. एक कडी मनगटात घातली की तयारी झाली. बोटावर अंगठी आपोआप चढते, टेबलावरचं बॉलपेन सरकतं, कॅटमधून हवं ते पान पुढे येतं. नोटही तरंगते, पण ते जरा उशिरा जमतं. तक्रार एकच, लूप तुटते. माझं आठचं पहिलं पाकीट चार दिवसांत संपलं. दोन घड्याळाच्या पट्ट्यात अडकल्या आणि तीन मनगटावरच्या गंड्याने खाल्ल्या. घरच्यांची समजूत काढून गंडा दुसऱ्या हातात नेला, तेव्हा कुठे लूप टिकायला लागली. थंडीत बोटं खरखरीत झाली की दोरा त्वचेलाच अडकतो. आदल्या रात्री व्हॅसलीन लावायचं, सकाळी हात स्वच्छ धुवायचे आणि नखं कानशीने घासायची, एवढ्यावर माझं भागतं.

मग तुटणारी वस्तू आवडली कशी? त्याचं उत्तर आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या एका संध्याकाळी मिळालं.

माझ्या आधी लहान मुलांचा नाच होता. मी मंडपामागे रिळातून दोरा ओढून वॅक्सचा कण शर्टाच्या गुंडीला लावून उभा. कोणीतरी घाईत बाजूने गेलं, दोरा तुटला आणि उरलेलं टोक स्प्रिंगने डबीत ओढून घेतलं. ज्याने रीळ वापरलंय त्याला पुढचं सांगायला नको. केसापेक्षा कितीतरी बारीक, रंग नसलेलं ते टोक आता आतल्या चकतीवर कुठेतरी चिकटलेलं असतं. डबी उघडायची, मोबाइलचा टॉर्च तिरका धरायचा, बोटाला वॅक्स लावून चकतीवरून फिरवत राहायचं, टोक सापडलंच तर भोकातून ओवायचं. घरी, पंखा बंद करून, मला हे वीस मिनिटांत जमतं. तिथे निवेदकाने माझं नाव पुकारलं तेव्हा डबीचं झाकण माझ्या दातांत होतं. शेवटी रुमालाच्या दोन जादू करून उतरलो. शेजारच्या चिरंजीवांनी विचारलं, ‘काका, नोट उडणार होती ना?’

लूप तुटली की मनगटावरची दुसरी बोटांत घ्यायची, बस. मी दोन घालूनच जातो. बोलता बोलता बदल होतो आणि समोरच्याला पत्ता लागत नाही. रीळ कमी वेळा तुटतं, हे खरं. पण एकदा तुटलं की त्या संध्याकाळपुरतं संपलं. लूपची डोकेदुखी सुट्ट्या पैशांसारखी आहे, रोज थोडी थोडी. मला ती परवडते. कदाचित तुमचे हात माझ्यापेक्षा स्थिर असतील आणि हा हिशेब उलटा पडेल.

पैशांचं म्हणाल तर मी घेतलं तेव्हा एका रिळाच्या किमतीत लूप्सची तीन पाकिटं आली असती. पण रिळालाही दोरा पुन्हा भरावा लागतोच, त्यामुळे फरक वाटतो तेवढा नाही. आणि आपल्याकडचा खरा वैरी, डोक्यावरचा पंखा, दोघांनाही सारखाच छळतो.

दोरा नुसता लपवला म्हणजे जादू झाली, असं मला आता वाटत नाही. अमेरिकेतल्या ओमाहाच्या डेव्हिड अ‍ॅबट या जादूगाराने शंभरेक वर्षांपूर्वी दोऱ्यावर चेंडू तरंगवला. त्याचंच तंत्र घेऊन ‘पेन अँड टेलर’ या अमेरिकन जादूगार जोडीतला टेलर लाल चेंडू नाचवतो, आणि हा खेळ फक्त एका दोऱ्यावर चालतो हे त्याचा जोडीदार पेन आधीच जाहीर करून टाकतो. तरी लोक बघतच राहतात. ती हालचाल हातात यायला दोरा रोज हाताळावा लागतो. लूप मी बसच्या रांगेत, चहाच्या टपरीवर, कुठेही काढली. रीळ शर्टाला लावायचं म्हणजे आधी तयारी, म्हणून सराव रविवारपुरता उरला.

तेव्हा मोठं स्टेज ठरलेलं असेल तर रीळ घ्या, मी अडवणार नाही. नाहीतर आधी शिंप्याकडून बारीक काळं इलॅस्टिक आणा, त्याच्या गाठ मारलेल्या कड्यांवर आठवडाभर आरशासमोर हात बसवा आणि मग लूप्स मागवा. पाकिटं मात्र एकदम दोन घ्या. पहिलं शिकण्यातच जातं.