सहा तुकडे दाखवून 46,800 रुपये घेतले: ‘इंजिन बसलं’ ऐकून लगेच पैसे देऊ नका

गाडी चार सिलिंडरची, 1.2 लिटर पेट्रोल. जुलैत दोनदा तुंबलेल्या पाण्यातून काढली आणि चौथ्या दिवशी बॉनेटखाली खरखर सुरू झाली. उपनगरातल्या एका गॅरेजवाल्याने अर्धा मिनिट ऐकलं आणि सांगितलं, ‘इंजिन बसलं, बेअरिंग गेलं.’ पुढचं तुम्हाला माहीत आहेच: अशीच चालवली तर रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याशी, जोडणारा दांडा) इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर येईल, आजच ॲडव्हान्स द्या.

रॉड बेअरिंग 6,400, क्रँकशाफ्टचं मेन बेअरिंग 5,900, गॅस्केट किट 4,200, ऑइल-फिल्टर 2,300, मजुरी 28,000. एकूण 46,800. त्यातले 20,000 यूपीआयने, 26,800 रोख. बिल कच्चं, कारण पक्क्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 8,424 रुपये लागले असते. त्या मोहाची आज लाज वाटते. पण गाडीवर रोजचा धंदा अवलंबून असताना, भर पावसात, ‘इंजिन जाईल’ हे ऐकून कितीजण शांतपणे हिशेब करतील?

संताप येतो तो एका क्षणाचा. तपासणीच्या वेळी एसी लावला आणि आवाज तिथल्या तिथे बदलला, खरखरीची घरघर झाली. गॅरेजवाल्याने लगेच हात आत घालून एसी बंद केला. तिथेच गाडी उचलून निघायला हवं होतं. एसी लावला की कॉम्प्रेसरचा भार फॅन बेल्टवर येतो, आणि त्या बेल्टच्या वाटेतली आयडलर पुली (बेल्टला वळण देणारी चाकी), टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा), अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) यांपैकी ज्याचं बेअरिंग खराब असेल ते ओरडतं. गढूळ पाणी सीलमधून आत जातं, ग्रीस धुऊन निघतं, बेअरिंगमधल्या गोळ्या कोरड्या फिरतात. पावसाळ्यातलं हे नेहमीचं दुखणं. रॉडचा आवाज वेगळाच: खोल ‘ढक् ढक्’, ॲक्सिलरेटर दाबला, चढ लागला की वाढणारा. इंजिन तापल्यावर आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी तिथेच बंद करा. हलकी टिकटिक टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची), ती आणखी वेगळी.

खात्री करायला दहा मिनिटं पुरतात. इंजिन बंद करून फॅन बेल्ट उतरवायला सांगा (टायमिंग बेल्ट नव्हे, त्याला हात लावू देऊ नका) आणि फक्त 20-30 सेकंद इंजिन चालवा. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप याच बेल्टवर असतो, म्हणून जास्त नको. आवाज गेला तर दोष इंजिनच्या पोटात नाही.

तीन दिवसांनी गाडी परत मिळाली, आवाज बंद. ‘जुने पार्ट’ म्हणून पिशवीत रॉड बेअरिंगचे सहा अर्धगोल तुकडे. चार सिलिंडरला प्रत्येकी दोन, म्हणजे आठ हवेत! सहा निघतात तीन सिलिंडरच्या इंजिनातून. मेन बेअरिंगचा तर एकही तुकडा नव्हता. दुसऱ्या मिस्त्रीने गाडी लिफ्टवर घेतली: ऑइल संपच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या तळभांड्याच्या) बोल्टांच्या डोक्यांत चिखल तसाच वाळलेला, कडेला नवं सीलंट नाही, फिल्टरवर मागच्या सर्व्हिसची तारीख. संप उघडलाच नव्हता, मग बेअरिंग बदलणार कुठून? वर एक कोरी आयडलर पुली चमकत होती. तिचा या दुसऱ्या मिस्त्रीकडचा भाव 850, मजुरी 400.

पोलिसांत गेल्यावर उत्तर मिळालं, ‘हा दिवाणी मामला.’ खोटे पार्ट दाखवून पैसे उकळणं फसवणूक नाही? मग भारतीय न्याय संहितेतलं कलम 318 कशासाठी आहे? दुसऱ्यांदा गेल्यावर, ‘कच्च्या बिलावर आम्ही काय करणार?’ तिसऱ्यांदा, ‘साहेब बंदोबस्तावर आहेत.’ अर्जाची पोच द्यायलाही टाळाटाळ. गॅरेजवाल्याला हे सगळं पाठ असतं, म्हणून तो ‘जा, तक्रार करा’ असं तोंडावर म्हणतो.

तरी सोडू नका. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. यूपीआयची नोंद जपा. इंजिन खोलायचं ठरलंच तर आधी लेखी अंदाजपत्रक घ्या, संप उतरवताना स्वतः हजर राहा, किलोमीटरचा आकडा बिलावर लिहून घ्या.

स्पीड पोस्टाने नोटीस गेली आहे, 15 दिवसांची मुदत दिली आहे. ते सहा तुकडे, बोल्टांचे फोटो आणि दुसऱ्या मिस्त्रीचा सही केलेला जबाब एकाच पाकिटात ठेवला आहे.