किसुमूची मिशन ट्रिप : जायचं ठरवत असाल तर आधी हे वाचा

जय ख्रिस्त. गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या नगरच्या चर्चच्या मंडळीतले आम्ही सहा जण केनियातल्या किसुमूला दहा दिवस जाऊन आलो. सगळी व्यवस्था एका संस्थेकडे होती. माणशी 1,70,000 रुपये. त्यात विमानाचं तिकीट, राहणं आणि जेवण आलं. अनेक जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली तक्रार लसीची. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, नाहीतर दाखला चालत नाही आणि परतताना आपल्याच विमानतळावर अडवतात. आम्हाला हे बारा दिवस उरले असताना सांगितलं. दोन ज्येष्ठ बहिणींना घेऊन मुंबईला धावपळ करावी लागली. लाखाच्या वर पैसे घेणाऱ्यांनी एवढं तरी वेळेवर सांगायला हवं.

आता मुलांसोबतच्या शनिवारबद्दल, कारण मी गेले होते ते त्या दिवसासाठी.

व्हिक्टोरिया सरोवराजवळची वस्ती, पत्र्याचं चर्च, शाळांना सुट्टी. काठावर जलपर्णी माजलेली, आपल्या पवनेत माजते तशीच. साठ मुलं येतील असं आम्हाला सांगितलं होतं, आली एकशे चाळीस. तिथल्या संडे स्कूलच्या बाई जराही डगमगल्या नाहीत. हजेरी घेताना तीन ओतिएनो आणि चार अचिएंग निघाले. लुओ लोकांत जन्माच्या वेळेवरून नाव ठेवतात हे मला तेव्हा कळलं : रात्री झालेला ओतिएनो, दुपारची अचिएंग, सकाळची अकिन्यी. मुलं मला 'म्वालिमू' म्हणत होती, म्हणजे आपलं 'बाई'.

धडा माझ्याकडे होता, बायबलमधला लूक 5 : मच्छीमार पेत्राने रात्रभर जाळं टाकलं, काही मिळालं नाही, मग प्रभूने दिवसा पुन्हा टाकायला सांगितलं. हा धडा मी सत्तावीस वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवतेय. मी इंग्रजीत सांगायचं आणि बाईंनी लुओत. मध्येच मागच्या ओळीतला एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि हातवारे करत भराभर बोलू लागला. बाईंनी सांगितलं, याचे वडील 'ओमेना' धरतात, बोटाएवढी चंदेरी मासळी. ती रात्री धरतात, होडीत कंदील लावून, कारण ती उजेडाकडे येते. तो म्हणत होता, रात्री मिळालं नाही तर माणूस जाळं धुऊन घरी जातो, दिवसा कोण टाकेल? पेत्र गेला ते फक्त सांगणाऱ्यावर विश्वास होता म्हणून.

मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. जाळी धुतल्याचं वाक्य त्याच अध्यायात आहे, मी ते शेकडो वेळा वाचलंय. मच्छीमाराच्या पोराने ते मला उघडून दाखवलं. घरी आल्यावर वहीत पहिलं तेच लिहिलं.

जेवणाला गिथेरी होती, मका आणि घेवड्याच्या शिजवलेल्या बिया, आपल्या घुगऱ्यांच्या जवळची. वस्तीतल्या आयांनी पहाटेपासून रांधलेली. आमच्यासाठी मात्र संस्थेने व्हॅनमध्ये सँडविचचे डबे ठेवले होते आणि "तुम्ही आतच जेवा" अशी सूचना होती. हे मला अजिबात पटलं नाही. आम्ही तिघी उतरून मुलांच्या पंगतीत बसलो. एक आई पोत्याकडे बोट दाखवून 'गुनिया' म्हणाली. आपली गोणीच! गाडीला 'गारी', दुकानाला 'डुका', पैशाला 'पेसा'. चपाती तर चपातीच. रेल्वे 1901 साली किसुमूला पोचली ती हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांच्या हातांनी, हे आठवलं आणि अनोळखीपण बरंच गळून पडलं.

सगळ्यात वाईट वाटलं ते फोटोंचं. खाऊच्या पिशव्या वाटताना संस्थेच्या समन्वयकाने एका छोट्या मुलीला पिशवी तीनदा परत करायला लावून तीनदा घ्यायला लावली, फ्लेक्स नीट दिसावा म्हणून. तिसऱ्या वेळी तिने पिशवी सोडलीच नाही, घट्ट छातीशी धरली. बाईंनी येऊन तिला शांतपणे आत नेलं. मी त्याच रात्री समन्वयकाशी बोलले, घरी आल्यावर लेखीही कळवलं. आमच्या पैशांपैकी त्या चर्चला किती पोचले हेही विचारलं. उत्तर अजून नाही.

माझं मत : शनिवारला पाचपैकी पाच, आयोजनाला दोन. जायचं तर जरूर जा, पण पैसे भरण्याआधी विचारा : धडा कोण ठरवतं, आपण निघाल्यावर ती मुलं कोणाच्या हाती असतात, फोटोंची परवानगी कोण देतं. आणि मुलं किती येतील हे तिथल्या बाईंनाच विचारा, इथल्या कार्यालयाला नको.

आम्ही तिघी येत्या ऑगस्टला पुन्हा जातोय, या वेळी थेट त्या मंडळीच्या पाळकसाहेबांशी बोलून. काय आणायचं ते बाईंनी कळवलंय : रंगीत खडू, जाड सुया आणि फुटबॉलला हवा भरायचा पंप.